क्वार्टर पडलं, आता माझं गाव कोणतं म्हणून सांगू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. वय 44. वडील पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. दहावीपर्यंतचं सगळं आयुष्य पैठणला, जायकवाडी धरणाच्या वसाहतीत. मूळ गाव माण तालुक्यात, पण तिथं जाणं फक्त मे महिन्यात आणि लग्नकार्याला. आता वाकडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, बायको, नऊ वर्षांची मुलगी. गेल्या दिवाळीत वाट वाकडी करून वसाहत बघायला गेलात, तर तुमच्या क्वार्टरचं छप्पर खाली आलेलं आणि आत वेडी बाभूळ माजलेली. परत आल्यापासून झोप नीट लागत नाही. बायको म्हणते, "सरकारी क्वार्टर होतं ते, आपलं कुठं होतं?" शेवटी तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. असं वाटणं बरोबर आहे का, पैठणला एखादा एनए प्लॉट घेऊन ठेवावा का, आणि मुलीला 'अशी जागा'च नाही तर ती घडताना काही कमी पडेल का. फरशीच्या तुकड्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. त्याच्याकडे मी शेवटी येते.

मी सोलापुरात 27 वर्षं समुपदेशनाचं काम करते. औषधं देणं हे माझं काम नाही, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. झोप आठवड्यातून एखाद-दोन रात्री उडत असेल तर पुढचं वाचा. रोजच पहाटे तीनला जाग येत असेल, जेवण तुटलं असेल, कामावर जाववत नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जागेचं दुःख आणि आजार कधी कधी एकाच दारातून आत येतात आणि चार ओळी वाचून ते वेगळे करता येत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही घराबद्दल विचारलंत, पण मला अडलं ते वेगळ्याच वाक्यावर. तुम्ही लिहिलंय, "फाटकापाशी वॉचमन उठला आणि म्हणाला, कोण पाहिजे?" माझ्या मते झोप या प्रश्नानं उडवलीय. छप्पर पडलेलं तुम्ही सोसलं असतंत. गावाकडं कितीतरी लोकांची घरं पडलेली असतात, नुसती मागची भिंत उभी असते. तरी पारावरचा एखादा म्हातारा डोळे बारीक करून म्हणतो, "तू अमक्याचा धाकटा ना रं?" एवढ्यानं भागतं. घर नसलं तरी आपण इथं होतो याला साक्षीदार असतो. वसाहतीत तो नसतो. सगळे बदलीवर आलेले, बदलीवर गेलेले. तिथं तुमचा सातबारा नाही, कुलदैवत नाही, आजोबांना जिथं दहन केलं ती जागा नाही. एखादं गाव उठतं तेव्हा निदान त्याची बातमी होते. वसाहत बदल्यांच्या आदेशांनी एकेक कुटुंब करून रिकामी होते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

बायकोचं म्हणणं कायद्यानं बरोबर आहे. पण जागा आपली होण्याचा मालकीशी फार थोडा संबंध असतो. अमेरिकेत बोस्टन शहरातला वेस्ट एंड नावाचा भाग 1950 च्या दशकाच्या शेवटी शहर सुधारणेच्या नावाखाली पाडला. वस्ती मुख्यतः कष्टकऱ्यांची, बरेचसे इटालियन वंशाचे आणि बहुतेक भाडेकरू. सरकारदरबारी ती झोपडपट्टी म्हणूनच नोंदलेली होती. मार्क फ्राइड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं या लोकांशी वस्ती पाडण्याआधीही आणि नंतरही बोलून 1963 मध्ये आपला अभ्यास मांडला. वस्ती जाऊन बरेच महिने उलटले तरी कित्येकांचं वागणं-बोलणं सुतकातल्या माणसांसारखं होतं आणि फ्राइडनं त्याला सरळ शोकच म्हटलं. नव्या जागी नळ चांगला होता, भिंती धड होत्या, तरी. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात. तुम्हाला शोक झालाय, पण त्याचं सुतक पाळायला चार माणसं जमत नाहीत, म्हणून तो रात्री एकट्यानं करावा लागतोय.

मग जागा माणसाला घडवते म्हणजे नेमकं काय करते? लोक लगेच निसर्ग, संस्कार, मातीचा वास असं सांगू लागतात. माझ्या अनुभवात यातलं बरंचसं नंतर चढवलेलं असतं. समोर बसलेल्या माणसाला मी एक कागद देते आणि दहा-बारा वर्षांचे असताना जिथं राहत होतात तिथला नकाशा काढा म्हणते. चित्र चांगलं यायला नको. तीनच खुणा करायच्या. एकटं कुठपर्यंत जाऊ शकत होतात तिथं रेघ. ज्या घरी न विचारता पाणी पिऊ शकत होतात तिथं टिंब. जिथं जायला बंदी होती किंवा भीती वाटायची तिथं फुली. पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या कागदातून मला जे कळतं ते तासाभराच्या बोलण्यातून कळत नाही.

रेघ सांगते की या मुलाला जग किती मोठं वाटत होतं. टिंबं सांगतात की किती घरांनी त्याला आपलं मानलं होतं. आणि फुल्या सांगतात की त्याची पायरी कुठली, हे त्याला किती लवकर कळलं होतं.

पायरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मजकुरात ती जागोजाग दिसते. धरणाची वसाहत म्हणजे पगाराची उतरंड विटांत बांधलेली. टेकाडावर साहेबांचा बंगला, बाजूला आयबी म्हणजे तपासणीला येणाऱ्या साहेबांचं विश्रामगृह, मग अभियंत्यांची क्वार्टर्स, मग कारकुनांच्या जोडखोल्या, आणि पार टोकाला चौकीदार-मजुरांच्या ओळी. कुणाच्या अंगणात खेळायचं आणि कुणाच्या गेटबाहेर उभं राहून हाक मारायची, हे वसाहतीतल्या पोराला पहिलीत जायच्या आधी कळलेलं असतं. तुम्ही त्या उतरंडीच्या मधोमध होतात. आणि गावातल्या शाळेत गेलात की तीच पायरी बदलायची. तिथं तुम्ही 'क्वार्टरवाले', ज्यांच्या नळाला कायम पाणी. वर्गातल्या अर्ध्या मुलांचे बाप कालव्याला पाळी कधी सुटते याची वाट बघत बसलेले. तुम्हीच लिहिलंय, पोरं तुम्हाला 'पाणीवाला' म्हणायची. बोली वेगळी. तुमच्या घरात सातारी, शेजारी वऱ्हाडी, पलीकडे कोकणी, त्यामुळं वसाहतीतली पोरं पुस्तकासारखं मराठी बोलायची. शाळेत "काय करायलास?" ऐकून तुम्हीही तसं बोलायला लागलात आणि मे महिन्यात माणला गेलात की चुलत भाऊ म्हणायचे, आला मराठवाड्याचा. पैठणला तुम्ही साताऱ्याकडचे आणि माणला पैठणकडचे.

आता तुमचंच एक वाक्य तुमच्यासमोर ठेवते. तुम्ही गमतीत लिहिलंय की वाकडच्या फ्लॅटमध्ये येऊन तीन वर्षं झाली, तरी फोटोंच्या चौकटी अजून भिंतीला टेकवून जमिनीवरच आहेत आणि बायको त्यावरून टोमणे मारते. त्याच्याच वर चार ओळी आधी लिहिलंय की बदली कधीही येईल म्हणून वडील क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकू द्यायचे नाहीत, भिंत सरकारी आहे म्हणायचे. या दोन ओळी तुम्ही जोडल्या नाहीत. मी वाचता वाचता जोडल्या.

जागेनं घडवणं म्हणतात ते मला अशा ठिकाणी दिसतं. नाथसागरावरचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावरचा, सूर्यास्त आठवणीत राहतो, पण खिळा न ठोकण्याची सवय हातात राहते. मग तो हात नोकरीतही खिळा ठोकत नाही, शेजाऱ्यांतही ठोकत नाही. आपण इथं तात्पुरते आहोत हे 44 व्या वर्षी, गृहकर्जाचे हप्ते भरतानाही, शरीर धरूनच चालतं. याच सवयीची दुसरी बाजूही आहे. कुठल्याही नव्या ऑफिसात, नव्या शहरात तुमचं आठवड्यात जमतं असं तुम्ही म्हणता. तेही वसाहतीनंच दिलं. दर जूनमध्ये वर्गात दोन मित्र गेलेले आणि तीन नवे आलेले, अशा ठिकाणी वाढलेलं पोर माणसं पटकन जोडायला शिकतं आणि सोडायलाही. गावात सात पिढ्या राहिलेल्या माणसाला हे जमत नाही. त्याची तऱ्हा वेगळी, त्याच्या अडचणी वेगळ्या.

शरीराचं निघालंच आहे तर मेंदूचंही थोडं. जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की चेतवल्या जातात. 2014 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि मोझर दांपत्याला याच मालिकेतल्या कामासाठी मिळालं. मेंदूचा जो भाग जागा ओळखतो, तोच घडलेल्या गोष्टी साठवायलाही लागतो. म्हणून पडक्या क्वार्टरच्या ओट्यावर उभं राहिल्याबरोबर तुम्हाला आईच्या बांगड्यांचा आवाज आला, यात भुताटकी काही नाही. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वयांपेक्षा जास्त निघतात. हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमच्या त्या काळाचा आरंभ सगळा वसाहतीतला आहे.

मला आवडलेलं एक संशोधन 2022 चं आहे. मोबाइलवरच्या एका खेळातून 38 देशांतल्या जवळपास चार लाख लोकांची वाट शोधण्याची क्षमता तपासली. जे शहराबाहेर किंवा वेड्यावाकड्या रस्त्यांच्या शहरात वाढले होते, ते सरासरीनं शिकागोसारख्या चौकटी आखलेल्या शहरांत वाढलेल्यांपेक्षा चांगली वाट शोधत होते. आणि लहानपणी जशा रस्त्यांवर वाढले, तशाच रस्त्यांच्या खेळात माणसं जास्त तरबेज होती. तुमची वसाहत पट्टीनं आखलेली, आणि शाळा जुन्या पैठणात, गल्लीबोळांत. रोज दोन्हींतून सायकल चालवलेला माणूस तुम्ही. पुण्यात गाडी चालवताना अजूनही मनात 'धरणाकडं' आणि 'गावाकडं' अशा दिशा लागतात, असं तुम्ही लिहिलंय. लागू द्या. बिघडत काही नाही.

इथं मला स्वतःबद्दल सांगायला हवं, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. मी पाण्याच्या दुसऱ्या बाजूची आहे. माझं गाव करमाळा तालुक्यात भीमेच्या काठावर होतं. उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं. त्याच्या आधीच, मी सातवीत असताना, आम्ही उठलो. लोकांनी घरं आपल्या हातानं उतरवली. वासे, तुळया, पत्रे, चौकटी, जे निघेल ते बैलगाडीत. नव्या ठिकाणाला नाव होतं, पण आसपासचे लोक त्याला 'पुनर्वसन' म्हणायचे. "कुठं राहतेस?" "पुनर्वसनात." गावाचं नाव सांगायच्या वयात मी सरकारी शब्द सांगत होते. पुढं प्रकल्पग्रस्ताचा दाखला निघाला, भावाला पाच टक्क्यांच्या आरक्षणातून नोकरी लागली आणि आम्ही कोण, हे कागदावरही पक्कं झालं. धरणग्रस्त.

लहानपणी मला वसाहतीतल्या मुलांचा राग यायचा. त्यांच्या वडिलांनी आमचं गाव बुडवलं असं मी सरळ समजत होते. बारा वर्षांच्या पोरीला अधीक्षक अभियंता आणि कनिष्ठ अभियंता यांतला फरक काय कळणार. नंतर या कामात तुमच्यासारखी वसाहतीतली माणसं समोर येऊन बसायला लागली, तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे निदान एक शब्द तरी आहे. धरणग्रस्त म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीतरी गेलंय हे कळतं. वसाहतीतल्या पोराचंही गेलं, पण त्याच्यासाठी मराठीत शब्दच नाही. आणि खरं सांगू का, माझं गाव अधूनमधून परतही येतं. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की आमच्याकडं म्हणतात, धरण मायनसमध्ये गेलं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. अशा वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि लोक गाड्या करून बघायला जातात. माझे वडील होते तोवर प्रत्येक मायनसच्या वर्षी चिखल तुडवत आमच्या जोत्यापर्यंत जायचे. एकदा मलाही घेऊन गेले. काठीनं दाखवलं, ही चूल, ही न्हाणी, हे तुझं पुस्तकाचं फडताळ. तिथं भिंतच नव्हती, हवेत काठी धरून दाखवत होते. मी मान डोलावली. पाचेक मिनिटं थांबलो, मग म्हणाले, चल, ऊन वाढलंय.

तुमच्या नाथसागराखालीही गावं आहेत, आणि तिथनं उठलेल्यांची मुलं पैठणच्या शाळेत तुमच्या वर्गात बसलेली असणार. हे मी टोचायला सांगत नाही. यातच तुमच्या अडचणीची एक वाट आहे. तुम्ही दिवाळीत वसाहतीत गेलात, क्वार्टर बघितलंत आणि गाडी वळवलीत. गावात गेलाच नाहीत. वसाहतीतली माणसं पांगली, पण पैठण कुठं गेलंय? तुम्ही ज्याच्याकडं उधारीवर वह्या घ्यायचात त्या दुकानात आज मुलगा बसत असेल. सायकलचं पंक्चर काढणारा असेल. तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात तुमचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख शाईनं लिहिलेली असेल. मुख्याध्यापकांना विनंती केलीत तर ते पान बघू देतात असा माझा अनुभव आहे, फक्त परीक्षांच्या दिवसांत जाऊ नका. ज्यांना तुम्ही 'गावातली पोरं' म्हणायचात, त्यांच्याच आठवणीत आता तुमची वसाहत शिल्लक आहे. कोण पाहिजे, असं न विचारता "क्वार्टरमधला तू?" असं विचारणारा माणूस वसाहतीच्या फाटकात मिळणार नाही. गावात मिळेल.

आता मी जे बोलतेय ते कुणाला लागू नाही, तेही सांगते. लहानपणची जागा म्हणजे मायेची जागा, हे सगळ्यांसाठी खरं नसतं. एका गृहस्थांच्या नकाशात (तपशील बदललाय) गावाची विहीर, देऊळ, पाटलाचा वाडा, सगळीकडं फुल्याच होत्या आणि रेघ वस्तीच्या बाहेर जेमतेम ओढ्यापर्यंत. ते म्हणाले, "मॅडम, मला गावाची आठवण येत नाही, म्हणून माझ्यात काही कमी आहे का?" काही कमी नाही. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्यांच्या गौरवगाण्यावर कडक शब्दांत टीका केली होती, ती अशाच नकाशांच्या आधारावर. काहींना त्यांची जागा घडवते, काहींना ती सोडून येणं घडवतं. घरात मारहाण किंवा त्याहून वाईट काही झालेलं असेल तर मी नकाशा काढायलाही लावत नाही, निदान पहिल्या काही भेटींत तरी नाही. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणाचं असं असेल, तर एकट्यानं कागद घेऊन बसू नका.

बायकांचे नकाशे आणखी वेगळे. वीस-बावीस वर्षं बघतेय, बायका बहुतेक वेळा विचारतात, "कोणत्या वयाचा काढू?" कारण नकाशे दोन असतात. बारा-तेराव्या वर्षापर्यंत रेघ वाढत जाते, शेत, नदी, मैत्रिणीचं घर, आणि मग एका वर्षात ती आकसून अंगणात येते. पुरुषांची रेघ त्याच वयात दुप्पट होते. तुम्हाला मुलगी आहे, नऊ वर्षांची, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

तिला 'अशी जागा' नाही म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढं झाडं, बांध, सायकल आहे. ते तिला नाही, खरंय. पण मघाचीच तीन मापं तिला लावून बघा. ती एकटी कुठपर्यंत जाते? तुम्ही लिहिलंय, लिफ्टनं खाली पोडियमवर, तेही आजीनं गॅलरीतून बघितलं तर. इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी 1971 मध्ये 80 टक्के मुलं शाळेत मोठ्यांशिवाय जायची, 1990 मध्ये 9 टक्के उरली. आपल्याकडं आकडे काय असतील ते असोत, पण तुमच्या सोसायटीत बघा, चित्र फार वेगळं नसणार. दुसरं, न विचारता पाणी पिऊ शकेल अशी किती दारं आहेत? तुमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत म्हणालात. त्यांतल्या एकाही घरी ती गेलेली नाही. कारण तुम्हीच गेलेला नाहीत. खिळा ठोकायचा नाही ना.

म्हणजे कमी काय पडतंय ते दिसलं. ते भरायला पैठण लागत नाही. येत्या महिन्याभरात तिला एकटीला गेटवरच्या भाजीवाल्याकडं कढीपत्ता आणायला पाठवा. पहिल्या दिवशी ती घाबरेल, तुम्ही जास्त घाबराल. भाजीवाल्याला तिचं नाव सांगून ठेवा आणि तिला त्याचं. घराची एक चावी समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवा, म्हणजे कधीतरी तिला त्यांच्याकडे बसून राहावं लागेल. सुरक्षेचं तुम्ही आईबाप बघाल, तुमच्या रस्त्यावरची वाहनं मला इथून दिसत नाहीत, त्यामुळं हद्द कुठं आखायची ते तुम्ही ठरवा. पण ती दर सहा महिन्यांनी थोडी पुढं सरकली पाहिजे. आणि बाराव्या वर्षी ती आकसायला लागेल, घरातले-बाहेरचे सगळे आकसवतील. तोपर्यंत तीन वर्षं हातात आहेत.

तिला पैठणला न्यायचं असेल तर न्या, पण क्वार्टर दाखवायला नको. पडकं घर बघून नऊ वर्षांच्या मुलीला फक्त एवढं कळेल की बाबांना रडू येतंय. शाळेचा रस्ता चालवा. तुम्ही पुढं चालू नका, तिला वाट विचारत विचारत जाऊ द्या, चुकू द्या. संतपीठ, नाथांचं देऊळ, उद्यान वगैरे तिला कंटाळा आला तर सोडून द्या.

प्लॉटचं लवकर आटोपते. आत्ता घेऊ नका. सुतकात मोठी खरेदी करू नये असं आपल्याकडं जुनी माणसं सांगतात, त्यात व्यवहार आहे. वर्षभर थांबा. वर्षानंतरही घ्यावासा वाटला तर जमीन म्हणून घ्या: रस्ता, पाणी, कागदपत्रं, पुढं विकला जाईल का, हे बघून. प्लॉटमुळं पैठणात तुम्हाला ओळखणारी माणसं येणार नाहीत. तेवढ्या पैशात तुम्ही तिथं पन्नास वेळा जाऊन याल आणि त्यातून ती येतील.

आणि 'माझं गाव कोणतं' याला माझ्याकडं एक साधं उत्तर आहे. विचारणारा कोण आहे ते बघून सांगा. लग्नाच्या बैठकीत माण सांगा, तिथं त्यांना कुळी हवी असते. ऑफिसात पुणे सांगा, कुणाला पडलेली नसते. आणि ज्याला खरंच ऐकायचंय त्याला 'जायकवाडीची वसाहत' असं पूर्ण सांगा. 'पैठण' म्हणून झटकू नका, 'मूळचे साताऱ्याकडचे, वडील नोकरीला होते' अशी सारवासारव करू नका. मी आजही नुसतं करमाळा सांगत नाही. पुनर्वसन सांगते, मग समोरचा विचारतो कशाचं, मग सांगते.

आता फरशी. क्वार्टरमधून शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा उचलून आणलात, तो कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे, बायको टाका म्हणते आणि तुम्हाला स्वतःलाही ते बावळटपणाचं वाटतं.

आमच्या जुन्या घराची सागवानी चौकट वडिलांनी गाडीत घालून पुनर्वसनात आणली होती. नव्या घराचं दार लहान निघालं, चौकट बसेना. कापायला वडील तयार नव्हते. अकरा वर्षं ती घरामागं उभी होती, पावसाळ्यात तिच्यावर पोतं टाकायचे. आई रोज तिला ठेचकाळायची आणि रोज बोलायची. शेवटी शेळ्या वाढल्या, गोठा बांधायचा निघाला, तेव्हा आईनंच सांगितलं, ती लावा तिथं. वडील दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी रंधा घेऊन तिचं खालचं कुजलेलं टोक साफ करत बसले. चौकट गोठ्याला चपखल बसली. अजून आहे.

तुमच्या गॅलरीत एखादी तुळस असेल ना? कुंडीखालून पाणी वाहून डाग पडतात, खाली ठेवायला सपाट काहीतरी लागतंच. आणि त्या फोटोंसाठी भिंतीत खिळे ठोका. ड्रिल मशीन समोरच्या फ्लॅटमधून मागून आणा, मुलीला पाठवा.